नाक बसवणाऱ्याचे नाव काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत युरोपातील प्रबोधनकाळाच्या (सतराव्या-अठराव्या शतकांच्या) विज्ञानावरचा लेख वाचला. न्यूटनपासून वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसपर्यंत सगळे भेटले, पण हे विज्ञान वसाहतींच्या वखारींतून आणि लष्करी छावण्यांतून किती माहिती उचलत होते, याची बोळवण लेखकाने एका वाक्यात केली आहे. पुढच्या आठवड्यात एका वाचकांनी पत्र लिहून 'हे सगळे सुश्रुताने आधीच सांगून ठेवले होते' असा निकाल लावला. या दोन टोकांच्या मध्ये कापलेल्या नाकाच्या जागी नवे नाक बसवणारा एक माणूस निसटतो. तो आपल्या पुण्याजवळचा होता, म्हणून हा पत्रप्रपंच.

लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आले होते. कावसजी नावाचा एक गडी १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकत होता. (नाव पारशी वाटते, पण पत्रात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे.) तो टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिल्याचेही त्यात नमूद आहे.

कृतीचे वर्णन वाचण्यासारखे आहे. आधी उरलेल्या नाकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढे कातडे सोडवून घ्यायचे. पण दोन डोळ्यांच्या मधली बारीक पट्टी कापायची नाही, कारण जोड धरेपर्यंत नव्या नाकाला तिच्यातूनच रक्त मिळते. सोडवलेले कातडे अर्धा पीळ देऊन खाली आणायचे आणि त्याच्या कडा जुन्या जखमेभोवती दिलेल्या छेदात बसवायच्या. त्यावर भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेले कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. मधली पट्टी तोडायची ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. मेण, कात, तूप: सगळे सामान पेठेत मिळणारे. रक्तपुरवठ्याचे जे भान त्या पट्टीत दिसते, त्यावर आजचीही प्लास्टिक सर्जरी उभी आहे.

आता सुश्रुताचे. संहितेत नाक जोडण्यासाठी गालाचे कातडे घ्यायला सांगितले आहे, पुण्याचा कारागीर कपाळाचे घेत होता. म्हणजे पोथी आणि त्याचा हात यांच्यामध्ये कित्येक पिढ्यांनी काहीतरी बदलले, करून पाहिले, सुधारले. विटा पाडणाऱ्या घरात संस्कृत संहिता वाचली जात असेल, असे मला तरी वाटत नाही. सुश्रुताचा जयजयकार करताना या मंडळींचे श्रेय आपणच पुसतो, आणि वर युरोपला नावे ठेवतो!

लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने हिंदुस्थानातील या पद्धतीची चौकशी केली, प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. १८१६ मध्ये त्याने त्यावर पुस्तक काढले आणि तिथून ही पद्धत युरोपभर गेली. कार्प्यूने हिंदुस्थानचे ऋण लपवले नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

तरीही नोंदीत कोण उरले पाहा. क्रूसो, फिंडले, कार्प्यू. रोगी कावसजी. पेशव्यांच्या दरबारात चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीचे चित्रही काढले, त्यामुळे चित्रकारसुद्धा. ज्याने नाक बसवले तो मात्र निनावी.

असे व्हायलाच हवे होते असे नाही. शंभरेक वर्षे आधी कोचीनच्या डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला (आम्स्टरडॅम, १६७८ ते १६९३). पुढे लिनियसने त्याचा भरपूर आधार घेतला. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे प्रमाणपत्र आहे आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे निवेदनही आहे. ते कोकणी भाषेत, नागरी लिपीत, जसेच्या तसे छापलेले! पुण्याजवळच्या कारागिराच्या हाती लेखणी नव्हती आणि पाहणाऱ्यांनी त्याचे नाव विचारले नाही, किंवा विचारून लिहिले नाही.

म्हणून एक विनंती. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर चाळणाऱ्या मोडीच्या जाणकारांनी १७९० च्या आसपासच्या कागदांत नाक बसवल्याबद्दल कुणाला बक्षीस किंवा इनाम दिल्याची नोंद दिसते का, एवढे पाहावे. आपण तसे आवाहन छापावे. कुंभार किंवा वीटकर घराण्यांत अशी काही आठवण सांगितली जात असेल, तर त्यांनीही या सदराकडे लिहावे.

कळावे.

एक वाचक, पुणे