सणाची तारीख मुलांनाच शोधू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळेतून सुट्ट्यांची यादी येते, फ्रिजवर चिकटते आणि सहली आखण्यापुरती कामाला येते. खरे तर घरी इतिहास शिकवायला याहून स्वस्त साधन नाही. फक्त सणाच्या सकाळी पाच मिनिटांत ‘महत्त्व’ सांगून मोकळे व्हायची पद्धत सोडावी. त्या वेळी मुलाचे लक्ष पुरणपोळीकडे असते. आठ-दहा दिवस आधी एकच प्रश्न टाकावा : हा सण याच दिवशी का?

पाचवीच्या पुढच्या मुलाला मोबाइलवर २०१८ ते २०२१ ही चार वर्षे काढून द्यावीत आणि गणेश चतुर्थी व मोहरमचा दहावा दिवस वहीत शेजारी शेजारी लिहायला सांगावे. चतुर्थी १३ सप्टेंबर, २ सप्टेंबर, २२ ऑगस्ट. मोहरम २१ सप्टेंबर, १० सप्टेंबर, ३० ऑगस्ट. दोन्ही दर वर्षी अकरा दिवस अलीकडे येतात, कारण दोन्ही चंद्रावर चालतात आणि बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचेच भरते. चौथ्या ओळीला मात्र जोडी फुटते. मोहरम २० ऑगस्टला, चतुर्थी एकदम १० सप्टेंबरला. मधे २०२० चा अधिक आश्विन येऊन गेलेला असतो. आपले पंचांग अडीच-पावणेतीन वर्षांनी एक महिना वाढवून ऋतूंशी मेळ घालते, हिजरी कालगणना तसे करत नाही. म्हणून मोहरम साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. पालकांची चूक नेमकी इथे होते. चौथ्या ओळीवर मूल अडखळले की लगेच उत्तर देऊन टाकतात. दोन दिवस अडखळू द्यावे, काही बिघडत नाही.

हे कळल्यावर कोल्हापूरचे वेगळेपण निराळे सांगावे लागत नाही. आपल्या कित्येक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही. कुरुंदवाडला तर मशिदीत गणपती बसतो. वरच्या चारपैकी पहिल्या तीन वर्षांत हे सगळे एकाच सुमारास आले होते. पंजांच्या भेटी बघायला नेण्याआधी एवढे सांगून ठेवावे, की इसवी सन ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसेन मारले गेले त्याचे हे स्मरण आहे. ‘मोहरमच्या शुभेच्छा’ देत फिरायचे नाही. मोठी माणसेही हे मेसेज पाठवतात, तेव्हा मुलांना काय बोलणार!

लहान मुलांना तारखांचे गणित पेलत नाही, त्यांच्यासाठी बेंदूर आहे. ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर आणि विदर्भात श्रावण अमावास्येला पोळा. सण बैलाचाच, पण कुठे तो पेरणीच्या तोंडावर येतो, तर कुठे कामे उरकून बैल विसावल्यावर. आपण सीमेवर राहतो म्हणून पहिली दोन नावे इथे रोजच्या बोलण्यात आहेत. मातीची बैलजोडी विकत आणण्याआधी एक जोडी घरी करून बघावी. चार बोटे उंचीच्या जोडीला अर्धा किलो शाडू पुरतो. पाय वेगळे करून चिकटवले की वाळताना गळतात. ते त्याच गोळ्यातून ओढून काढावेत आणि जाडच ठेवावेत. उन्हात ठेवल्यास वरचा थर आधी आक्रसतो आणि तडे जातात, म्हणून दोन दिवस सावलीत वाळवावे. वशिंड, वेसण, म्होरकी, झूल, शेंब्या हे शब्द त्या तासाभरात आपोआप तोंडात बसतात.

दसऱ्याला सोने लुटायला सगळे दसरा चौकात जातात, पण त्या दिवशी गर्दीत मुलाला पुढच्याच्या पाठीखेरीज काही दिसत नाही. दोन दिवस आधी सकाळी न्यावे आणि चौकाच्या आसपासच्या पाट्या वाचायला लावाव्यात : जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, चित्रदुर्ग मठ. मधे शाहू महाराजांचा पुतळा. मराठा आणि जैन वसतिगृहे १९०१ ची, मुस्लिम बोर्डिंग १९०६ चे. ‘वेगवेगळी का?’ हे मूल विचारतेच. खरे तेच सांगावे. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा नव्हती आणि त्या काळी एका पंगतीला बसायला लोक तयार नव्हते. महाराजांनी पंगत बदलायची वाट न बघता आधी मुलांची राहायची सोय केली.

शिवजयंतीच्या दोन तारखा पाहून घरात वाद होतो, तो मिटवू नये. आठवी-नववीच्या मुलाला शकाचे गणित करू द्यावे. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ : ७८ मिळवले की १६२७. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ : याच हिशेबाने १६२९ येते आणि मूल म्हणते, पुस्तकात १६३० आहे. शक चैत्रात बदलतो, म्हणून जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे असतात. दुसऱ्या तिथीचा मुख्य आधार असलेली जेधे शकावली (जेधे घराण्याकडची तारीखवार नोंदींची यादी) टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, हेही सांगावे. कागद सापडला की इतिहास दुरुस्त होतो, हे त्यातून कळते.

शेजारी शिरखुर्म्याला किंवा दिवाळीच्या पहाटे जैन मंदिरात महावीरांच्या निर्वाणानिमित्त चढवला जाणारा निर्वाण लाडू पाहायला मूल पाठवाल, तेव्हा त्याला प्रश्नावली देऊन पाठवू नका. लोक सण करत असतात, मुलाखत द्यायला बसलेले नसतात.

आणि १४ एप्रिलला बिंदू चौकात जाताना एवढेच सांगावे, की तिथले फुले-आंबेडकरांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी बसले. डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणाची तारीख मुलाला पाठ असते. वजाबाकी त्याची त्याने करावी.

— इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर