लाल मफलर आणि कुत्र्याचं नाक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या मुलांच्या पानावर गेल्या रविवारी कुत्रा डिटेक्टिव्हची गोष्ट आली होती ती मी घरी मोठ्याने वाचत होते, हिरव्या गवतात पडलेला लाल मफलर त्या कुत्र्याला लांबूनच दिसतो आणि तिथून चोर सापडतो असं काहीतरी, तर माझी नऊ वर्षांची मुलगी मध्येच म्हणाली, आई पण कुत्र्याला लाल-हिरवा फरक कुठे कळतो? मी गप्पच. बरोबर आहे तिचं. कुत्र्याला निळा न् पिवळा नीट ओळखता येतो, लाल आणि हिरवा त्याला जवळपास सारखेच. आणि अहो, मफलरला चोराच्या अंगाचा वास असणारच ना, डोळ्यांची गरजच काय होती!

बोलणारा प्राणी असला तरी माझी काही हरकत नाही, गोष्टच आहे ती. पण प्राणी हेर घ्यायचा, त्याला टोपी घालायची, हातात भिंग द्यायचं आणि तपास मात्र माणसासारखाच करायचा, मग प्राणी घेतलाच कशाला? खरा कुत्रा लेखकाला केवढं काय देतो बघा. 2011 साली चेक पोलिसांच्या ट्रेन केलेल्या कुत्र्यांची परीक्षा घेतली होती, त्यांनी एकाच घरात राहणाऱ्या, एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेसुद्धा वास वेगवेगळे ओळखले. म्हणजे "मी नव्हतो, माझा भाऊ होता" म्हणणारा जुळा सगळ्या माणसांना फसवेल पण कुत्र्याला नाही, झाली की गोष्ट तयार!

आता एक अडचण आहे हे मला कळतं. वास कागदावर येत नाही, त्यामुळे कुत्र्याला कळलं आणि वाचणाऱ्या पोराला कळलंच नाही असं होतं आणि शेवटी फसवल्यासारखं वाटतं. रहस्यकथेत धागा आपल्यासमोर पडलेला असायला हवा, आपल्याला दिसला नाही तर ती आपली चूक. शेरलॉक होम्सच्या 1892 सालच्या एका कथेत हे फार सुंदर जमलंय, रात्री कोणीतरी तबेल्यात आलं पण कुत्रा भुंकलाच नाही, म्हणजे येणारा ओळखीचा होता. कुत्र्याने केलं काय तर काहीच नाही, आणि तोच पुरावा. (तसं बघितलं तर 1841 मधली अमेरिकन लेखक एडगर अॅलन पो यांची कथा, जिला पहिली डिटेक्टिव्ह कथा म्हणतात, तिच्यात तर खुनी ओरांगउटान निघतो, म्हणजे प्राणी या धंद्यात आधी आरोपी म्हणून आले. कोणी वाचली नसेल तर सॉरी.)

मांजराचंही तसंच. मांजराला गोड चवच कळत नाही, ती चव ओळखणारं एक जनुकच त्यांच्यात निकामी आहे, 2005 मध्ये हे समजलं. आता बरणीतल्या साखरेच्या गोळ्या गायब आणि सगळे मांजरावर आळ घेतायत, जिला हे माहितीये ती मुलगी पहिल्याच पानावर मनात हसणार.

मला वाटतं मुलांना हे हेर आवडतात त्याचं कारण वेगळंच आहे. टेबलाखाली बसलेल्या कुत्र्यासमोर मोठी माणसं काहीही बोलतात, आणि टेबलाखाली बसलेल्या लहान मुलासमोर पण. दोघांनाही कोणी हिशोबात धरत नाही, दोघंही सगळं ऐकतात, आणि सांगायला गेलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. लेखकाने तेवढं जरी पकडलं तरी टोपी-भिंग काही लागत नाही.

आणि हो, हे मात्र सिरीयसली घ्या. गोष्टीच्या शेवटी त्या कुत्र्याला बक्षीस म्हणून चॉकलेट दिलंय. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन नावाचं द्रव्य कुत्र्यांच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, ते त्यांना विषारी असतं, डार्क चॉकलेट तर जास्तच. मुलं गोष्टीतलं लगेच करून बघतात, तेव्हा पुढच्या रविवारी तेवढी एक दुरुस्ती जरूर छापा.

आमच्याकडे आता हिने स्वतःच गोष्ट लिहायला घेतलीय, तिच्यातल्या मांजरीला चोर कधीच कळलाय पण तोच तिला रोज जेवायला घालतो म्हणून ती कोणाला सांगत नाहीये. पूर्ण झाली तर पाठवली तर चालेल ना?

आपली,
एक वाचक आई