एनएसटीच्या पट्टीचा धसका नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्तदाब वाढलेला, मधुमेह, बाळाची वाढ कमी, तारीख उलटलेली अशा कारणांसाठी शेवटच्या महिन्यांत डॉक्टर ‘एनएसटी’ (नॉन-स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पोटातल्या बाळाच्या ठोक्यांची यंत्रावरची तपासणी) करायला सांगतात. यात सुई नाही, दुखणे नाही. पण काय होणार हे आधी कुणी सांगत नाही आणि यंत्रावरचा आकडा हलला की घरच्यांचे धाबे दणाणते.

पोटावर दोन पट्टे बांधतात. एकाखाली जेल लावलेली चकती असते. ती बाळाच्या पाठीच्या बाजूला ठेवली की ठोके स्वच्छ मिळतात. दुसरी गर्भाशयाच्या माथ्याशी, बिनजेलची. पोट कडक झाले की तिची रेघ वर चढते. उताणे झोपू नये. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून आईचा रक्तदाब उतरतो आणि बाळाचे ठोकेही मंदावू शकतात. डाव्या कुशीवर किंवा किंचित कलून टेकावे. लघवीला आधीच जाऊन यावे.

ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. आकडा सतत थोडा वरखाली होणे हे चांगलेच लक्षण. ३२ आठवड्यांनंतर २० मिनिटांत निदान दोनदा ठोके १५ने वाढून १५ सेकंद टिकले, तर पट्टी (ठोक्यांचा छापील आलेख) ‘रिअ‍ॅक्टिव्ह’, म्हणजे समाधानकारक, म्हणतात.

ठोक्यांची रेघ सपाट येते तेव्हा बहुतेकदा बाळ झोपलेले असते. ही झोप साधारण २० ते ४० मिनिटांची, म्हणूनच तपासणी ४० मिनिटांपर्यंत लांबवतात. बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला दिलेल्या बेटामेथासोन इंजेक्शननंतरही काही दिवस चढउतार कमी दिसतात; ते घेतले असेल तर आवर्जून सांगावे. ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे लगेच सिझेरियन नव्हे. पुढे सोनोग्राफीत बाळाची हालचाल, श्वासाच्या हालचाली, स्नायूंचा ताण आणि गर्भजल पाहतात, गरजेप्रमाणे डॉपलरही (रक्तप्रवाहाची तपासणी). ठोके वारंवार घसरत असतील, तर मात्र वेळ घालवून चालत नाही.

आकडा एकदम ८०-९०वर आला, तर अनेकदा चकती सरकून आईची नाडी पकडलेली असते. याची उलटी बाजू जास्त धोक्याची: घाबरलेल्या आईची नाडी १२० असेल, तर तीच बाळाचे ठोके म्हणून खपून जाते. पट्टी सुरू करताना मनगटावरची नाडी मोजून ती वेळेसह कागदावर लिहिलीच पाहिजे, कितीही गर्दी असो. हा कागद उष्णतेवर छापणारा असतो, काही काळाने पुसट होतो; मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

जोखीम नसलेल्या गरोदरपणात केवळ रिवाज म्हणून ही तपासणी करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांतही ती सरसकट करण्याची शिफारस नाही.

आणि पट्टी चांगली आली तरी ती त्या वेळची स्थिती सांगते. नाळ दाबली जाणे किंवा वार अचानक सुटणे तिला आधी कळत नाही. काल पट्टी चांगली होती, आज हालचाल कमी वाटते, तर सरबत पिऊन वाट पाहू नका, घरी ठोके ऐकायच्या डॉपलर यंत्रावर ठोके ऐकून निश्चिंत होऊ नका. रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा. आणि तिथल्यांनीही ‘कालच तर झाली’ म्हणून गर्भवतीला परत पाठवू नये.

– एक प्रसूतितज्ज्ञ