वेगाचे नव्हे, उमजण्याचे खेळ हवेत

महोदय,

बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले, तरी गणिताच्या तासाला त्यांतून बहुधा चित्रफीतच पाहिली जाते. ‘अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन काटकोन असतो’ (म्हणजे व्यासाची दोन टोके वर्तुळावरच्या इतर कोणत्याही बिंदूला जोडली, की तिथे काटकोन होतो) हे दहावीचे प्रमेय जिओजेब्रा या संगणकावर आकृत्या काढण्याच्या साधनावर, वर्तुळावरचा बिंदू स्वतः सरकवत मुलांनी पडताळले, की कोन ९० अंशांवरून हलत नाही हे त्यांना दिसते आणि ‘असे का?’ हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येतो. सिद्धता शिकवण्याची खरी वेळ तीच. याउलट, घड्याळ लावून गुण देणाऱ्या प्रश्नमंजूषांत (त्या मुलांना आवडतात, हे मान्य) सावकाश विचार करणारे मूल मागे पडते. शिक्षण विभागाने साधने निवडताना हा फरक ध्यानात घ्यावा आणि वर्गात एकच संगणक असला तरी तो मुलांना हाताळू द्यावा, ही विनंती.

— एक गणित शिक्षक