स्टॅबिलायझर बार घरी बदलताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खड्डा किंवा गतिरोधक ओलांडताना पुढून खडखड येऊ लागली की गाडीचा स्टॅबिलायझर बार अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच सोडवून नवा बसवणारी हौशी मंडळी आता जागोजागी दिसतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्पनिदेशक म्हणून मी बरीच वर्षे मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतला असल्याने या उत्साहाचे मला मनापासून कौतुक आहे. परंतु हा बार प्रत्येक गाडीत एकच काम करत नाही, हे ठाऊक नसताना पाना हाती घेतला जातो, म्हणून हे पत्र.

बहुतेक गाड्यांत स्प्रिंग स्टीलचा हा वाकवलेला दांडा दोन्ही बाजूंच्या सस्पेंशनला, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेला, लिंक नावाच्या छोट्या दांडीने जोडलेला असतो आणि वळणावर गाडी कलू लागली की स्वतः पीळ खाऊन तो कल रोखतो. अशा गाडीत बार निकामी झाला तरी चाक जागेवर राहते. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या आणि २०१४पर्यंत बनत राहिलेल्या मारुती ८००ची रचना मात्र निराळी आहे. तिच्यात बारची टोके थेट लोअर आर्ममध्ये, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या भुजेत, बसवलेली असतात आणि ब्रेक दाबल्यावर मागे ओढले जाणारे चाक हा बारच धरून ठेवतो. त्यामुळे बार काढलेल्या अवस्थेत ‘गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो’ असे म्हणून ती गाडी हलवणे जिवावर बेतू शकते. या गाड्या खेड्यापाड्यांत अजूनही वापरात आहेत आणि घरगुती दुरुस्तीच्या वाट्याला त्याच अधिक येतात.

आमच्या शेजारच्या एका तरुणाने केवळ जॅकवर गाडी उचलून गंजलेला नट जोर लावून ओढला आणि जॅक फरशीवरून सरकला. सुदैवाने त्याचा हात बाहेर होता. हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना ठोकळे लावून आणि पुढची दोन्ही चाके एकाच वेळी उचलून गाडी जॅक स्टँडवर (वजन पेलणाऱ्या पक्क्या टेकूवर) टेकवल्याशिवाय खाली हात घालू नये. एकच चाक उचलले तर बारमध्ये पीळ राहतो आणि बोल्ट सुटताच तो झटका देतो. गंजलेल्या आट्यांवर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवावे. लिंकचा नट फिरवताना आतला दांडाही सोबत फिरत असेल, तर तो ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) धरावा. बार ज्यात बसतो त्या रबरी बुशला साधे ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. सिलिकॉन ग्रीस चालते. नवा बार बसवताना नट आधी हलकेच लावून घ्यावेत आणि गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच अखेरचे आवळावेत, कारण लोंबकळत्या अवस्थेत आवळलेले रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नट सुटू नये म्हणून त्यात घालायची स्प्लिट पिन जुनी वापरू नये. मारुती ८००सारख्या गाडीत या कामानंतर चाकांचे अलाइनमेंट (चाके योग्य कोनात आहेत का ते) तपासून घेणे आवश्यकच आहे.

तुटलेला बार वेल्डिंग करून देणारेही भेटतात. उष्णतेने स्प्रिंग स्टीलचा मूळ गुण जातो, त्यामुळे तो जोड कितीही भक्कम दिसला तरी घेऊ नये. उलट, माझ्या एका नातेवाइकाकडून एका गॅरेजने अख्ख्या बारचे पैसे घेतले; जुना बार मी पाहिला तेव्हा तो धडधाकट होता, झिजले होते ते केवळ बुश. म्हणून खडखड ऐकल्यावर आधी बुश आणि लिंक हलवून पाहावेत.

वाहन उत्पादकांना माझी विनंती आहे की, कोणता नट किती टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळायचा, हा सहसा मालकाच्या पुस्तिकेत न सापडणारा आकडा आणि बार नसताना गाडी चालवता येते की नाही, हे दोन्ही सुट्या भागाच्या खोक्यावर ठळक मराठीत छापावे.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, सातारा