मुलुंडहून बसणाऱ्या ताईंना, एका फिटलेल्या कर्जाबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

घराचं कर्ज फिटलं हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही "अगं, गणित होतं ते, मी काय केलं त्यात?" म्हणालात आणि लगेच आंब्याच्या मोहोरावर बोलायला लागलात. तुम्ही आभार ऐकून घेत नाही, म्हणून ते लिहून ठेवते आहे, आणि उघडपणे लिहिते आहे. आपल्या लोकलच्या डब्यात तेव्हा जशी मी होते तशा कितीतरी जणी आजही उभ्या असतील. पर्समध्ये बँकेचा मेसेज, आणि तो पूर्ण वाचायची हिंमत नाही.

नोव्हेंबर २०१९. सव्वाआठची स्लो. तुम्ही मुलुंडला बसायचात, मी भांडुपला चढायचे आणि कुर्ल्यापर्यंत कुणी उठलंच तर चौथी सीट मिळायची. त्या दिवशी तुम्ही मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत होतात. मी कुणाशी तरी बोलताना म्हणाले, "पाच वर्षं झाली हप्ते भरतोय, अजून साडेसव्वीस लाख बाकी." तुमचे हात थांबले. "घेतले किती होते?" तीस लाख, मी सांगितलं. "आणि भरले किती?" ते मला माहीत नव्हतं. ताई, पाच वर्षं महिन्याच्या महिन्याला २९ हजार ४४९ रुपये जात होते आणि मी एकदाही बेरीज केली नव्हती. तुम्ही तिथल्या तिथे तोंडी केलीत. १७ लाख ६७ हजार. त्यातले मुद्दलात गेले साडेतीन लाखही नाहीत. उरलेले सगळे व्याजात.

मला त्या गर्दीत रडू आलं होतं. तुम्ही माझ्या ओंजळीत मटार दिलेत आणि म्हणालात, "हे सोल. आणि उद्या बँकेतून हप्त्यांचा तक्ता घेऊन ये. सगळी पानं."

तो तक्ता मी आजवर जपून ठेवला आहे. १६६ हप्ते उरले होते, म्हणजे १६६ ओळी. प्रत्येक ओळीत हप्ता तोच, फक्त त्याचे दोन भाग बदलत जातात. पहिल्या ओळीत व्याज २१ हजार ९१२ आणि मुद्दल ७ हजार ५३७. विक्रोळी गेलं तेव्हा तुम्ही पेन्सिल काढलीत. दुसऱ्या ओळीतल्या मुद्दलावर बोट ठेवलंत, सात हजार सहाशेच्या आसपास होतं ते. म्हणालात, "ह्या महिन्यात हप्त्याबरोबर एवढे जास्तीचे भरलेस, तर तू एक ओळ पुढे गेलीस. मग ही ओळ जाते." आणि सगळी पानं उलटून शेवटच्या पानावरची शेवटची ओळ खोडलीत. २९ हजार ४४९ रुपयांचा आख्खा हप्ता. सात हजार सहाशेत.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. घटत्या शिलकीवरचं व्याज परीक्षेत सोडवलेलं आहे. पण ते माझ्याच घराला लागू आहे हे मला त्या पेन्सिलीच्या रेघेनं कळलं. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा वाटा व्याजच खातं, म्हणून तेव्हा जास्तीचा भरलेला रुपया सगळ्यात जास्त काम करतो. हेच आम्हाला २०१४ मध्ये कुणी सांगितलं असतं तर! तेव्हा दर सव्वादहा टक्के होता, आणि पहिल्या हप्त्यातले मुद्दलात गेले फक्त ३ हजार ८२४.

तुम्ही मात्र "पैसे भर" असं आधी म्हणालाच नाहीत. आधी विचारलंत, "दर कशाला जोडलेला आहे?" आमचं कर्ज जुन्या बेस रेटवर, म्हणजे बँकेनं स्वतःच ठरवलेल्या दरावर होतं, ९.९ टक्के. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०१९ पासून नवी गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) बाहेरच्या दराला जोडायला बँकांना सांगितलं होतं, नवे ग्राहक सव्वाआठच्या आत कर्ज घेत होते, आणि आम्ही जुने म्हणून जास्त भरत होतो. पतपेढीच्या कर्ज विभागात तुमची सगळी नोकरी झालेली, हे तुम्हाला तोंडपाठ. मला फक्त एक अर्ज द्यायचा होता आणि थोडी फी भरायची होती. दर ८.२ वर आला, हप्ता तुमच्या सांगण्यावरून तोच ठेवला, आणि १६६ चे १४१ हप्ते झाले. एका अर्जानं पंचवीस ओळी.

दुसरा प्रश्न होता, "घरात पडून काय आहे?" दोन एफडी होत्या, मिळून साडेपाच लाख, साडेसहा टक्क्यांनी. त्या व्याजावर करही लागायचा. सगळे मोडून कर्जात टाकू म्हणून मी उत्साहानं सांगितलं तेव्हा तुम्ही रागावलात. "सहा महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च बाजूला ठेव. कर्जात गेलेला पैसा बँक परत देत नाही." काटकसरीचा घरखर्च वीस हजार आणि हप्ता धरून तीन लाख ठेवले आणि जानेवारी २०२० मध्ये अडीच लाख भरले.

मार्चमध्ये लोकलच बंद पडली, ताई. ह्यांचा पगार आधी निम्मा झाला, मग दोन महिने आलाच नाही. ते तीन लाख नसते तर काय झालं असतं, ह्याचा विचार आजही रात्री कधीतरी मनात येतो. बँकेचे मेसेज येत होते, हप्ते थांबवायचे असतील तर कळवा. शेजारीपाजारी सगळे थांबवत होते. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "थांबवलास तरी व्याज थांबत नाही, ते मुदलात चढतं. घरात अन्न नसेल तर जरूर थांबव, लाज नाही त्यात. पण बाजूला ठेवलेत ते ह्याच दिवसांसाठी." आम्ही एकही हप्ता थांबवला नाही.

अडीच लाखांचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण इतरांसाठी लिहिते. भरून आलो आणि पुढच्या महिन्यात खात्यातून २६ हजार ६५० च्या आसपासच रक्कम गेली. मी खूश. तुम्हाला दाखवलं तर तुम्ही कपाळाला हात लावलात. बँकेनं मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला होता! हप्ता तोच राहिला तर त्या अडीच लाखांत वीस हप्ते गळत होते, म्हणजे जवळजवळ ५ लाख ८९ हजार. तुम्ही अर्जाचा मजकूर वहीच्या पानावर लिहून दिलात: "हप्ता पूर्ववत ठेवून मुदत कमी करावी, व सुधारित तक्ता द्यावा." दोन खेपा घातल्यावर झालं. त्यानंतर दर वेळी पैसे भरताना तो कागद सोबत जायचा, आणि पोच घेतल्याशिवाय मी काउंटरवरून हलत नसे.

एकदा तिथल्याच एका बाईंनी मुदतीआधी भरल्याबद्दल दोन टक्के चार्ज लागेल म्हणून सांगितलं. मी तुमचंच वाक्य म्हटलं, की बदलत्या दराच्या, व्यक्तीच्या नावावरच्या गृहकर्जावर असा दंड घेऊ नये असं रिझर्व्ह बँकेनं जून २०१२ मध्येच बँकांना सांगितलं आहे. त्या आत जाऊन आल्या आणि पावती दिली. माझा आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण म्हटलं.

नातेवाइकांनी फार घाबरवलं. "टॅक्स वाचतो, कशाला फेडता?" ह्याला तुमचं उत्तर मी अजून सगळ्यांना सांगते. आमचं वर्षाचं व्याज अडीच लाखांच्या वर, सवलतीची मर्यादा दोन लाख, आम्ही वीस टक्क्यांच्या टप्प्यात. म्हणजे वाचतात चाळीस-बेचाळीस हजार. "तेवढे वाचवायला अडीच लाख देणार का?" नव्या करप्रणालीत तर स्वतः राहतो त्या घराच्या व्याजाची ती सवलतही नाही. आणि दीर सांगत होते की म्युच्युअल फंडात जास्त मिळेल. त्यावर तुम्ही म्हणालात, "मिळेलही. मुलीच्या नावाची एसआयपी चालू आहे ती मोडू नकोस. पण नऊ टक्के वाचणार हे मी लिहून देते, ते बारा मिळणार हे कोण लिहून देणार?" मला ते पटलं. दुसऱ्या कुणाचं गणित वेगळं असू शकेल, आमच्या जिवाला झोप ह्यात होती.

मग सवयच लागली. दर जानेवारीला पगार वाढला की हप्ता तीन हजारांनी वाढवायचा, दिवाळीला बोनस आणि भिशीचे मिळून जमेल तेवढे, बहुतेक वर्षी लाखभर, भरायचे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ ह्या नऊ महिन्यांत रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, आमचा दर साडेनऊवर पोचला. आमच्या मजल्यावरच्या एका घरात हप्ता तोच राहून कर्जाची मुदत त्यांच्या निवृत्तीच्या पलीकडे गेली आणि त्यांना कळलंही नव्हतं. त्यांच्याकडे मीच गेले, पेन्सिल घेऊन. ऑगस्ट २०२३ च्या नियमानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँकेनं कर्जदाराला विचारायचं असतं, हे त्यांना दाखवलं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

सप्टेंबर २०३३ ला संपायचं कर्ज नोव्हेंबर २०२५ मध्ये संपलं. जुन्या दरानं, जुन्या गतीनं गेलो असतो तर पुढे आणखी बावीस लाखांचं व्याज गेलं असतं. गेलं सात लाखांच्या आसपास.

कागदपत्रं एकविसाव्या दिवशी मिळाली. तीस दिवसांत मूळ कागद परत न दिल्यास दिवसाला पाच हजारांची भरपाई, हा डिसेंबर २०२३ पासूनचा नियम तुम्ही आधीच लिहून पाठवला होतात, पण तो दाखवायची वेळ आली नाही. लिफाफ्यात करारनामा, इंडेक्स टू म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा, आणि नो ड्यूज. शेअर सर्टिफिकेटची घडी इतकी घट्ट बसली होती की उघडताना हे म्हणाले, "हळू." अकरा वर्षांनी पाहिलं ते. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बँकेचा बोजा काढून घेतला, सरसाईवरची, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतली, नोंद उतरली का ते तपासलं, सिबिलमध्ये कर्ज बंद दिसतं आहे. तुमच्या यादीतलं सगळं झालं.

तुम्ही निवृत्त होऊन गावी गेल्यापासून त्या सीटवर दुसऱ्या एक ताई बसतात. संक्रांतीला मुंबईत येणार म्हणालात. हळदीकुंकू ह्या वर्षी आमच्या घरी ठेवलं आहे, डब्यातल्या सगळ्या येणार आहेत. स्टेशनवर पश्चिमेला उतरा, हे गाडी घेऊन येतील. मटार उसळ करते, लसूण न घालता.

तुमची,
भांडुपला चढणारी