माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र: माझं ॲप का काढलं, हे कुणी सांगेल का?

प्रति,
माननीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय: ॲप स्टोअरने कारण न देता डेव्हलपरचं खातं बंद करण्याबाबत, आणि सरकारने दिलेल्या शब्दाबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी एकट्याने ॲप बनवून पोट भरणारा माणूस आहे. माझ्यामागे कंपनी नाही, गुंतवणूकदार नाही, वकील तर नाहीच नाही. गेल्या महिन्यात एका मोठ्या ॲप स्टोअरने माझं डेव्हलपर खातं कायमचं बंद केलं. खात्याबरोबर ॲप गेलं, वर्षानुवर्षं जमलेले रिव्ह्यू गेले, आणि वर्गणीचे आलेले पैसे तिथेच अडकले. या आठवड्यात अपीलही फेटाळलं. स्टोअरचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना लिहून झालं आहे. आता आपल्याला लिहितो आहे.

ॲप काही जगावेगळं नव्हतं. बचत गटाचा हिशोब ठेवायचं. कुणाची वर्गणी आली, कुणी किती कर्ज उचललं, त्यावर व्याज किती झालं, हातात शिल्लक किती. नेट नसलं तरी चालायचं, कारण सगळी माहिती त्या फोनमध्येच राहायची. लोकेशन मागत नव्हतं, कॉन्टॅक्ट मागत नव्हतं, जाहिराती नव्हत्या. त्यातून एक रुपयाही इकडचा तिकडे होत नव्हता. नुसत्या नोंदी. कॅशियर बाई बदलल्या की जुन्या फोनमधून बॅकअप काढायचा आणि नव्या फोनमध्ये भरायचा, एवढीच काय ती करामत.

तर मेल आला की आपल्या खात्यात आमच्या धोरणांचं गंभीर उल्लंघन आढळलं आहे. कुठलं धोरण? कुठल्या स्क्रीनवर? काही नाही. विचारलं, तर सुरक्षेच्या कारणास्तव अधिक तपशील देता येत नाही. अपील केलं, तर तीच वाक्यं त्याच क्रमाने परत आली, फक्त खाली सहीच्या जागी वेगळं नाव. ते माणसाचं नाव आहे की प्रोग्रामचं, देव जाणे. खुनाच्या आरोपीलासुद्धा या देशात आरोपपत्राची प्रत मिळते, महोदय. मला कलमसुद्धा कळलं नाही.

मी आपला अंदाज बांधत बसलो आहे. ॲपमध्ये 'कर्ज', 'व्याज', 'हप्ता' हे शब्द जागोजागी होते. बचत गटाच्या हिशोबात दुसरे कुठले असणार? तपासणाऱ्या यंत्राला ते सावकारी ॲप वाटलं असावं. आता याच यंत्रांची दुसरी बाजू बघा. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१च्या पहिल्या दोन महिन्यांत वेगवेगळ्या ॲप स्टोअरवर सुमारे ११०० कर्जाची ॲप सापडली आणि त्यातली ६०० बेकायदेशीर निघाली. पुढे सरकारनेच संसदेत सांगितलं की एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने अडीच हजारांवर कर्ज ॲप काढली. काढली म्हणजे आधी आत घेतली होती ना? फोनमधले नंबर उचलून नातेवाइकांना शिव्या घालणारी, फोटोंची छेडछाड करून माणसं मरणाला लावणारी ॲप आत जातात, आणि वर्गणीची नोंद ठेवणारं माझं ॲप गंभीर उल्लंघन! वा रे तपासणी!

परवा एका गटाच्या सचिव ताईंचा फोन आला. फोन बदलला म्हणून त्या ॲप शोधत होत्या. "सर, तुमचं दिसेना. पहिल्यालाच पाच मिनिटांत कर्ज देतो म्हणणारं येतंय, तेच का तुमचं?" नाही ताई, ते घेऊ नका, म्हणालो. मग माझं कुठे आहे, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांच्याकडे बॅकअपची फाइल आहे, ती उघडणारं ॲप नाही. बँकेला हिशोब दाखवायचा आहे. सांगा, काय सांगू त्यांना?

आता आपल्या शब्दाकडे येतो. १ मार्च २०२४ला गूगलने फीच्या वादावरून काही भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून काढायला सुरुवात केली. भारत मॅट्रिमोनी, नोकरी डॉट कॉम, शादी डॉट कॉम अशी घराघरातली नावं. तेव्हा सरकारला किती पटकन जाग आली! अशी ॲप काढणं चालू देणार नाही, स्टार्टअपना हवं ते संरक्षण मिळेल, असं जाहीर सांगितलं गेलं. बैठका झाल्या आणि आठवडा उलटायच्या आत ॲप परत आली. पुढच्या काही महिन्यांत कायमचा तोडगा निघेल, असा विश्वासही व्यक्त झाला. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. आज विचारतो, तो तोडगा कुठे आहे? की ज्यांची जाहिरात टीव्हीवर लागते, त्यांच्यापुरतंच ते संरक्षण होतं?

त्याच महिन्यात डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा बाहेर आला. मोठ्या कंपन्यांनी बाजार नासवल्यावर दंड करत बसण्यापेक्षा आधीच नियम घालून द्यायचे, अशी त्यामागची कल्पना. चांगली होती. हरकती मागवल्या, सूचना मागवल्या, मग अभ्यास, मग पुन्हा अभ्यास. कायदा काही झालेला नाही. हा विषय कंपनी व्यवहार मंत्रालयाचा आहे, असं तुमचं कार्यालय मला कळवेल, हे ठाऊक आहे. ते मंत्रालय बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे बोट दाखवेल. आयोग म्हणेल, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. घोडं कुठे पेंड खातं ते सगळ्यांना माहीत आहे, पण प्रत्येक जण शेजारच्या तबेल्याकडे बघतो.

आयोगाने काही केलं नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये गूगलला दोन दंड ठोकले, एक १३३७ कोटींचा आणि दुसरा प्ले स्टोअरच्या बिलिंगबद्दल ९३६ कोटींचा. पेपरात मथळे झाले. मग अपील. मार्च २०२५मध्ये दुसरा दंड २१६ कोटींवर उतरला आणि प्रकरण वर सर्वोच्च न्यायालयात गेलं. गूगलचं पंधरा ते तीस टक्के कमिशन, आणि डेव्हलपरने स्वतःची पेमेंट व्यवस्था वापरली तरी अकरा ते सव्वीस टक्के, यावर मोठ्यांची लढाई चालू आहे. चालू दे. पण त्या दंडातला छदामही ज्याचं नुकसान झालं त्याच्या हाती येत नाही. आणि खातं कारण न देता बंद करू नये, ही साधी गोष्ट या सगळ्या रणधुमाळीत कुणाच्या खिसगणतीतही नाही.

ही गोष्ट अशक्य आहे असं कृपा करून सांगू नका. युरोपात जुलै २०२०पासून नियम लागू आहे की व्यावसायिकाचं खातं बंद करायचं तर प्लॅटफॉर्मने किमान ३० दिवस आधी लेखी कारणांसह कळवायचं. अपवाद आहेत, पण मुळात नियम आहे, आणि तक्रार ऐकण्याची अंतर्गत व्यवस्था ठेवणंही मोठ्या प्लॅटफॉर्मना बंधनकारक आहे. स्टोअरचीच पेमेंट व्यवस्था वापरा, या सक्तीवर दक्षिण कोरियाने २०२१मध्येच कायदा केला. ॲप स्टोअरच्या मक्तेदारीवरचा जपानचा स्मार्टफोन कायदा डिसेंबर २०२५मध्ये पूर्ण लागू झाला. एप्रिल २०२५मध्ये युरोपने ॲपलला ५० कोटी युरो दंड केला, का तर बाहेर स्वस्त मिळतं हे डेव्हलपरना ग्राहकाला मोकळेपणी सांगू देत नाहीत म्हणून. आणि आपण? विश्वगुरू. अभ्यास चालू आहे.

स्वदेशीचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये आपण स्वतः झोहो या देशी सॉफ्टवेअर कंपनीच्या सेवांवर आलात. मागोमाग त्यांच्याच अरट्टाई या चॅट ॲपची हवा झाली. मला आनंदच आहे, चांगले इंजिनिअर आहेत ते. पण ते स्वदेशी ॲप लोकांनी उतरवलं कुठून? गूगल आणि ॲपल, त्याच दोन अमेरिकन कंपन्यांच्या स्टोअरवरून. उद्या त्यांच्याही खात्यात एखाद्या यंत्राला गंभीर उल्लंघन दिसलं, तर तुम्ही फोन उचलाल. माझ्यासाठी कोण उचलणार? जानेवारी २०२३मध्ये भारओएस या देशी फोन-प्रणालीवर व्हिडिओ कॉल लावून दाखवला होता, फोटो छान आले होते. तो फोन बाजारात कुणाच्या हातात दिसला का हो? इंडस ॲपस्टोअर हे देशी स्टोअर फेब्रुवारी २०२४मध्ये आलं, त्यांचा प्रयत्न प्रामाणिक आहे, पण माझ्या गटातल्या बायकांच्या फोनमध्ये कंपनीने जे घालून दिलं तेच स्टोअर असतं, दुसरं कसं टाकायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ज्या देशात शंभरातले नव्वदहून जास्त फोन अँड्रॉइडचे, तिथे पर्याय आहे म्हणणं सोपं असतं.

आणि स्टोअरला वळसा घालून थेट ॲप टाकायची मागची वाटही अरुंद होते आहे. ऑगस्ट २०२५मध्ये गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर स्टोअरबाहेरून टाकायचं ॲपसुद्धा ओळख पडताळलेल्या डेव्हलपरचंच लागेल. सप्टेंबर २०२६पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, पुढे जगभर. ओरड झाल्यावर म्हणाले, जाणकारांसाठी वेगळी सोय ठेवू. जाणकारांसाठी! बचत गटाच्या ताईंनी काय करायचं? फसवणूक रोखायला ओळख तपासावी, मान्य. पण ओळख तपासणारा तोच, दार लावणारा तोच, आणि तक्रार ऐकणाराही तोच, यावर सरकारचं काहीच म्हणणं नाही?

सरकारला फोनमध्ये हात घालता येत नाही असं तर मुळीच नाही. २९ जून २०२०ला एका फटक्यात ५९ चिनी ॲप बंद केलीत. नोव्हेंबर २०२५च्या शेवटी तुमच्या शेजारच्या दूरसंचार खात्याने कंपन्यांना सांगितलं की संचार साथी हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये घालूनच विका, मुदत ९० दिवस. बोंब झाल्यावर आठवड्याच्या आत सक्ती मागे घेतली, तो भाग वेगळा. म्हणजे तुमचं ॲप माझ्या फोनमध्ये घालायचं तर एक आदेश पुरतो. माझं ॲप कुणी काढलं तर मात्र बाजारातल्या दोन खासगी पक्षांमधला प्रश्न. या कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवरचा सहा टक्के कर १ एप्रिल २०२५पासून रद्द झाला, तो मात्र अगदी वेळेवर. अमेरिका खूश, आम्ही वाऱ्यावर.

मी कुठे दाद मागायची? सरकारी तक्रार पोर्टलवर मागितली. तक्रार एका खात्याकडून दुसऱ्याकडे वर्ग झाली आणि मग 'निकाली' असं हिरव्या अक्षरांत उमटलं. काय निकाली काढलं, ते लिहिलेलं नव्हतं. जानेवारी २०२३मध्ये तुम्ही तीन तक्रार अपील समित्या जाहीर केल्यात, समाजमाध्यमांवर पोस्ट उडाली किंवा खातं बंद झालं की लोक तिथे जातात. ज्याचा धंदाच त्या खात्यावर उभा आहे, त्याच्यासाठी तशी सरळ खिडकी कुठे आहे? स्टार्टअप म्हणून मदत मागावी तर मी एकल मालकीवाला. तुमच्या व्याख्येत प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), नोंदणीकृत भागीदारी असं काहीतरी हवं. म्हणजे कर भरताना मी उद्योजक, कर्ज मागताना बेरोजगार, आणि तुमच्या आकडेवारीत मी नाहीच. गळ्यात ओळखपत्र अडकवून हॅकेथॉनमध्ये फोटो काढायला तेवढे आम्ही तरुण प्रतिभावंत.

नोकरी सोडून हे काम धरलं तेव्हा घरी वडील बोलले नव्हते. आता बोलतात. बायकोच्या पगारावर घर चालू आहे आणि ती काही म्हणत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो. रात्री तीनला उठून मेल उघडून बघतो. त्या स्टोअरच्या भाषेत मी आता कायमचा बंदी घातलेला माणूस आहे, दुसरं खातं उघडलं तरी जुन्याशी संबंधित म्हणून तेही बंद होणार. परवा एका ओळखीच्या कंपनीत काम विचारलं, तर त्यांनी घाबरत सांगितलं की तुझ्या लॅपटॉपवरून आमच्या खात्यात लॉगिन नको, आमचंही जाईल. मी रोगी आहे का, महोदय? चोर आहे का? असेन तर पोलिसांत द्या, निदान तिथे एफआयआरची प्रत तरी मिळेल.

मागणं फार नाही. खातं बंद करण्याआधी लेखी कारण आणि तीस दिवसांची मुदत, अपील माणसाने ऐकणं, आणि कमावलेले पैसे रोखायचे तर त्याचा हिशोब. नवा कायदा यायचा तेव्हा येवो, आधी निदान नियमावली काढा. ते जमत नसेल तर डिजिटल स्पर्धा विधेयक संसदेत आणणार आहात की नाही, एवढं एका ओळीत कळवा. 'विचाराधीन' चालणार नाही, तो शब्द आमच्याकडे भरपूर साठला आहे. घराचा हप्ता पाच तारखेला असतो, त्याआधी कळलं तर बरं.

आपला,
एक ॲप डेव्हलपर (आजपर्यंत तरी)